सांगितले तर शाळा सुटेल

मराठवाड्यातील एखाद्या तालुक्याच्या गावी अकरावीत शिकणाऱ्या मुलीच्या नावाने कोणी इन्स्टाग्रामवर खोटे खाते उघडले, स्नेहसंमेलनातले तिचे छायाचित्र उचलून त्याखाली घाणेरडा मजकूर लिहिला आणि तो वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरवला, तर पुढे काय होते हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. घरी कळल्यावर पहिला प्रश्न "हे केले कोणी?" असा क्वचितच विचारला जातो, "तुझा फोटो त्याच्याकडे गेलाच कसा?" हा प्रश्न आधी येतो. मोबाइल काढून घेतला जातो, कॉलेज आठ दिवस बंद होते, मग "परीक्षेपुरते जाऊ दे" असे ठरते आणि त्याच वर्षी पाहुण्यांकडे स्थळाची चौकशी सुरू होते. ज्याने ते खाते उघडले तो मात्र आपल्या बाकावर बसून नियमितपणे तास करतो, परीक्षा देतो आणि पुढच्या वर्गात जातो.

किशोरवयीन मुलांच्या ऑनलाइन छळाविषयी आपल्याकडे जी चर्चा होते ती मोबाइलचे व्यसन, पालकांचे दुर्लक्ष आणि कायद्याचा धाक या तीन विषयांभोवती फिरत राहते. माझ्या मते खरी अडचण त्याच्या अलीकडे आहे. छळ सोसणाऱ्या मुलाला तो सांगण्याची जी किंमत मोजावी लागते, ती अनेकदा छळापेक्षा मोठी असते. मुले गप्प राहतात तेव्हा ती भित्री आहेत असे आपण समजतो, परंतु आपणच घालून दिलेल्या अटींवर त्यांनी केलेला तो हिशेब असतो आणि दुर्दैवाने तो बरोबर असतो. हा हिशेब बदलत नाही तोवर हेल्पलाइन, तक्रारपेटी, समिती आणि कलमे यांचा उपयोग मोजक्या धाडसी मुलांपलीकडे होणार नाही.

आधी छळ कशाला म्हणायचे ते स्पष्ट करायला हवे, कारण "पोरांची मस्करी" या दोन शब्दांत आपण बरेच काही झाकून टाकतो. नॉर्वेत १९८० च्या दशकाच्या आरंभी काही शाळकरी मुलांच्या आत्महत्यांनंतर देशव्यापी मोहीम उभी राहिली. तिचा शास्त्रीय पाया घालणारे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या होत्या: दुखावण्याचा हेतू, पुनरावृत्ती आणि दोन बाजूंच्या बळातील तफावत. मोबाइलने यांतील पुनरावृत्तीचा अर्थच बदलला. छायाचित्र एकदाच टाकले तरी ते शंभर जण शंभर वेळा पाहतात, म्हणजे टाकणाऱ्याने पुन्हा काहीही न करता मार पुन्हा पुन्हा बसत राहतो. बळाचेही तसेच आहे. वर्गात जो मुलगा समोरासमोर मान वर करत नाही, तो खोट्या खात्याच्या आड पाच जणांना भारी पडतो. पूर्वी शाळा सुटली की चिडवणारे शाळेतच राहत असत. आता ते रात्री अंथरुणातही सोबत असतात. यातली बहुसंख्य पीडा देणारी मुले परकी नसतात, ती त्याच वर्गातली, त्याच शिकवणीतली, त्याच एसटीने येणारी असतात. म्हणूनच "हे शाळेबाहेर घडले, आमचा काय संबंध?" हे मुख्याध्यापकांचे नेहमीचे उत्तर मला मान्य होत नाही. घडले बाहेर असले तरी त्याचा परिणाम सकाळच्या प्रार्थनेपासून शेवटच्या तासापर्यंत वर्गातच भोगावा लागतो.

तो परिणाम ओळखूही येत नाही, कारण आपल्या घरांत मनाच्या दुखण्यासाठी बोलायची रीत नाही आणि मुले शरीराच्या दुखण्याची भाषा बोलतात. सकाळी शाळेच्या वेळी पोटात दुखते, डोके ठणकते, जेवण जात नाही, झोप लागत नाही, छातीत धडधडते. मग गावातला डॉक्टर शक्तीचे औषध लिहून देतो, आजी दृष्ट काढते आणि मूळ कारण तसेच राहते. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तेरा ते सतरा वयोगटातील सुमारे ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले होते. म्हणजे पन्नास मुलांच्या वर्गात तीन-चार मुले सरासरीने अशी असणार, आणि हे सर्वेक्षण झाले तेव्हा खेड्यापाड्यांत स्वस्त डेटा अजून पोहोचायचा होता.

मुलींसाठी सांगण्याची किंमत किती असते हे समजण्यासाठी आपल्या भागातील बालविवाहांकडे पाहावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत परभणी आणि बीड या दोन जिल्ह्यांत वीस ते चोवीस वयोगटातील स्त्रियांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणींचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी झाल्याचे दिसले. या दोन जिल्ह्यांत मुलीचे शिक्षण हे पालकांनी मोठ्या मुश्किलीने, गावाचे बोलणे ऐकून घेऊन दिलेले असते. ती एसटीचा मोफत पास काढून रोज तालुक्याला जाते, कारण आई-वडिलांनी तिच्यावर विश्वास टाकलेला असतो, आणि तो विश्वास टिकवण्याची सगळी जबाबदारी तिच्या एकटीच्या वागण्यावर सोपवलेली असते. अशा वेळी एका खोट्या छायाचित्राने तो ढळतो. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने कोणाचाही चेहरा कोणत्याही शरीराला जोडता येतो, त्यामुळे मुलीने काही केलेले असणेही आवश्यक उरलेले नाही. "झाकली मूठ सव्वा लाखाची" हा व्यवहार आई शिकवते आणि मुलगी शिकते; छळणाऱ्याला नेमका तोच हवा असतो. त्याची सगळी धमकी "घरी सांगीन" या दोन शब्दांवर उभी असते. घरी कळण्याची भीती संपली तर त्याच्या हातात उरते ते केवळ एक खोटे चित्र.

ऊसतोड मजुरांच्या मुलांची स्थिती आणखी अवघड आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, परभणी, धाराशिव या जिल्ह्यांतून टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात आणि गळीत हंगाम संपेपर्यंत परतत नाहीत. मागे राहिलेली मुले आजी-आजोबांकडे किंवा वसतिगृहात असतात, आणि आई-वडिलांचा चेहरा त्यांना दिसतो तो मोबाइलच्या पडद्यावर. मोबाइल काढून घ्या, असा सरसकट सल्ला देणाऱ्यांनी या मुलांचा विचार केला आहे का, असा प्रश्न मला पडतो. फडात राबणाऱ्या आईला दोनशे किलोमीटरवरून मुलीची चिंता वाटते आणि त्या चिंतेतूनच लग्न लवकर उरकले जाते, हे या भागात काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. अशा आईच्या कानावर वर्गाच्या ग्रुपवरची बातमी गेली तर ती काय ठरवेल, याचा अंदाज तिच्या मुलीला आपल्यापेक्षा अधिक अचूक असतो.

मुलग्यांची किंमत वेगळी असते. लातूर पॅटर्नचे यश खरे आहे आणि त्याने सामान्य शेतकऱ्याच्या मुलांना डॉक्टर, अभियंता होता आले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु सोळाव्या वर्षी घर सोडून ट्यूशन एरियात खोली करून राहणारा मुलगा कोणत्या ओझ्याखाली असतो हेही सांगितले पाहिजे. त्याच्या फीसाठी सोयाबीनचे पैसे गेलेले असतात, कधी जमिनीचा तुकडा गेलेला असतो. दर आठवड्याच्या चाचणीची गुणानुक्रमे यादी ग्रुपवर येते, वरच्या आणि खालच्या बॅच वेगळ्या होतात आणि खालच्या बॅचमधला मुलगा म्हणजे चेष्टेचा हक्काचा विषय, हे मुलांना कोणी वेगळे शिकवावे लागत नाही. मेसमध्ये बोलीवरून हसणे, कपड्यांवरून नाव ठेवणे, झोपलेल्याचे व्हिडिओ काढून ते स्टेटसवर ठेवणे, कॉलेजच्या नावाने चालणाऱ्या निनावी कन्फेशन पेजवर त्याच्याविषयी लिहिणे, या सगळ्याला मजा म्हणतात. हा मुलगा घरी फोन करतो तेव्हा "अभ्यास कसा चाललाय?" एवढाच प्रश्न येतो आणि तो "चांगला" म्हणतो. त्याने खरे सांगितले तर वडील रात्रीच्या गाडीने निघतील, "पोरगा असून रडतोस?" असे विचारतील किंवा त्याला परत घेऊन जातील, आणि परत जाणे म्हणजे गावात हसे होणे. एनसीईआरटीने २०२२ मध्ये देशभरातील पावणेचार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी केली तेव्हा ८१ टक्के मुलांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल हे आपल्या चिंतेचे कारण सांगितले होते. आधीच ताणलेल्या या मनावर चेष्टेचा भार पडतो. म्हणून परीक्षेचा ताण आणि छळ हे दोन वेगळे विषय आहेत असे मानून त्यांवर वेगवेगळी व्याख्याने ठेवण्यात अर्थ नाही.

आता ज्याविषयी लिहायला आपल्याकडे लोक कचरतात त्या गोष्टीकडे येतो. २०२३ पासून आरक्षणाच्या प्रश्नावर मराठवाड्यात जे वातावरण तापले त्याचे बरे-वाईट परिणाम राजकारणात मोजले गेले; वर्गांत काय झाले ते कोणी मोजले नाही. कोणत्याही बाजूची मागणी योग्य की अयोग्य हा या लेखाचा विषय नाही. परंतु मोठ्यांनी आपापल्या ग्रुपांवर जी भाषा वापरली ती मुलांच्या स्टेटसवर आली, तिथून बाकावर आली, आणि पाचवीपासून एका डब्यात जेवणारी मुले दहावीत आडनावांप्रमाणे वेगळ्या ग्रुपांत गेली. कोणी कोणत्या नेत्याची रील पसंत केली, कोणत्या जयंतीला स्टेटस ठेवले किंवा ठेवले नाही, यावरून पंधरा वर्षांच्या मुलांना गाठून जाब विचारला जातो. दलित मुलांना असला जाब नवा नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या काळात गावांनी त्यांना काय सोसायला लावले ते मराठवाडा विसरलेला नाही. २०२५ च्या आरंभी बीड जिल्हा पोलिसांनी अधिकाऱ्यांच्या टेबलावरील पाट्यांवरून आडनावे काढून फक्त नावे ठेवली. पोलीस ठाण्यात तक्रारदाराला जात आधी दिसू नये, इतकी गरज प्रशासनाला वाटली असेल तर शाळेच्या हजेरीपटाकडे आणि वर्गाच्या ग्रुपकडे कोणी पाहायचे? अशा छळाची तक्रार करणाऱ्या मुलाला तर दुहेरी किंमत पडते, कारण त्याची तक्रार त्याची राहत नाही. सायंकाळपर्यंत ती दोन समाजांतली बाब होते, गावातले कार्यकर्ते शाळेच्या फाटकाशी येतात आणि मूळ मुलगा कोपऱ्यात उभा राहतो.

कायदे कमी आहेत का? मला तसे वाटत नाही. महाराष्ट्राने रॅगिंगबंदीचा कायदा १९९९ मध्येच केला, आणि त्यातील शैक्षणिक संस्थेच्या व्याख्येत वसतिगृहे व शिकवणी देणाऱ्या संस्थाही बसतात, ही बाब लातूर-नांदेडच्या किती क्लासचालकांना माहीत असेल याची शंका आहे. लेखी तक्रार आल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी करावी, तथ्य दिसल्यास संबंधित विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवावी आणि त्याने दुर्लक्ष केल्यास त्यालाच गुन्ह्याला साहाय्य केल्याबद्दल जबाबदार धरावे, अशी त्यात तरतूद आहे. मुलांविषयीचा अश्लील मजकूर पसरवणे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७-ब कलमाखाली येते, लैंगिक छळ २०१२ च्या पोक्सो कायद्याखाली येतो, ऑनलाइन पाठलाग भारतीय न्याय संहितेखाली येतो. नग्न किंवा बनावट छायाचित्राविषयी तक्रार झाल्यास ते काढून टाकण्यासाठी समाजमाध्यम कंपन्यांना २०२१ च्या नियमांनी २४ तासांची मुदत घालून दिली होती. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी निर्देश देताना शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक नेमावा आणि क्लासेसनी गुणांवरून बॅच वेगळ्या करू नयेत, असे सांगितले. या सगळ्यांची गाडी एकाच ठिकाणी अडते: मुलाने कोणाला तरी सांगितले पाहिजे.

दुसरी मर्यादाही मान्य करायला हवी. ग्रुपमधून काढून टाकणे, टोपणनावाने हाका मारणे, मीम बनवणे, बोलणे टाकणे, हे प्रकार बहुतेक वेळा कोणत्याही फौजदारी कलमात बसत नाहीत आणि ते बसवूही नयेत असे मला वाटते. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ६६-अ हे, ऑनलाइन "आक्षेपार्ह" मजकुराला गुन्हा ठरवणारे व्यापक कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केले ते योग्यच झाले. पालघरच्या दोन तरुणींना २०१२ मध्ये एका फेसबुक पोस्टवरून झालेली अटक ज्यांना आठवते त्यांना ते कलम परत हवेसे वाटणार नाही. शिवाय छळणाराही बहुधा सोळा वर्षांचाच असतो. त्याला पोलीस ठाण्यात नेण्याच्या शक्यतेमुळे शाळा प्रकरण दाबते आणि छळ झालेले मूलही कचरते, कारण त्याला छळ थांबायला हवा असतो, वर्गमित्राचे आयुष्य मोडायला नको असते. गंभीर गुन्ह्यांत पोलिसांना कळवणे पोक्सोने बंधनकारक केले आहे आणि तिथे शाळेने स्वतःचा विवेक चालवण्याचा प्रश्न येत नाही. मात्र त्याखालच्या विस्तीर्ण क्षेत्रात शिक्षकांनाच काम करावे लागेल.

मोबाइलबंदीचा आग्रह धरणाऱ्यांची कळकळ मी समजू शकतो. यवतमाळ जिल्ह्यातील बांशी ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांच्या मोबाइल वापरावर बंदीचा ठराव केला. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली, मात्र त्या कायद्यात जबाबदारी कंपन्यांवर आहे. मुलाला किंवा पालकाला शिक्षा नाही. आपल्याकडची बंदी मुलावर येते, आणि घराघरांत ती मुलीवर जास्त कडक येते. शिवाय बंदी असलेल्या घरातला मुलगा चोरून खाते चालवतो आणि त्याच्यावर प्रसंग आला की त्याला दोन गोष्टी लपवाव्या लागतात. ग्रामीण भारतातील शालेय शिक्षणाविषयीच्या २०२४ च्या असर पाहणीत चौदा ते सोळा वयोगटातील सुमारे ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. समाजमाध्यम वापरणाऱ्यांपैकी मात्र खाते खाजगी कसे करावे हे जेमतेम ५५ टक्क्यांना आणि खाते ब्लॉक किंवा रिपोर्ट कसे करावे हे सुमारे ६२ टक्क्यांना माहीत होते. ही दोन कामे एका तासिकेत शिकवता येतात. अभ्यासक्रमाची वाट पाहण्याची गरज नाही.

माझी मुख्य मागणी शाळा, कनिष्ठ महाविद्यालये आणि क्लासेस यांच्याकडे आहे. जूनमधल्या पहिल्या पालकसभेत प्रमुखांनी लेखी हमी वाचून दाखवावी आणि ती सूचनाफलकावर लावावी: तक्रार करणाऱ्या विद्यार्थ्याचा एकही तास बुडणार नाही, जागा किंवा तुकडी बदलायची झाल्यास ती छळणाऱ्याची बदलेल, तक्रारदाराचे नाव शिक्षकांच्या खोलीत चर्चेला येणार नाही, पालकांना बातमी फोनवरून दिली जाणार नाही, त्यांना बोलावून, समजावून आणि मुलाला आधी विचारून सांगितले जाईल. पालकांकडूनही एक वचन घ्यावे, की मुलीने त्रासाची गोष्ट सांगितली म्हणून तिचे शिक्षण थांबवणार नाही. असे वचन सगळे पाळतील असे मी म्हणत नाही, पण सभेत चारचौघांसमोर दिलेल्या शब्दाला आपल्या गावांत अजून वजन आहे आणि मुख्याध्यापकाला नंतर त्याची आठवण करून देता येते. मुलांच्या सुरक्षिततेसाठीच्या सखी सावित्री समित्या २०२२ पासून शाळाशाळांत कागदोपत्री आहेत. हे काम त्यांचेच आहे.

कोणाला सांगायचे हेही मुलांवर सोपवावे. वर्गशिक्षकापेक्षा मुले पुष्कळदा शाळेतल्या मावशींकडे किंवा मेसच्या काकूंकडे मोकळी होतात. अशा माणसांना एवढे जरी शिकवले की ऐकून घ्यावे, रागावू नये, "तू का पाठवलास?" असे विचारू नये, मजकुराचा स्क्रीनशॉट आणि दुवा जपून ठेवायला सांगावे आणि १०९८ या मुलांच्या किंवा १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर फोन लावून द्यावा, तरी पहिला दिवस निभतो. रात्री अपरात्री घाबरलेल्या मुलासाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मराठीतही बोलतो. समुपदेशकाचे पद प्रत्येक जिल्हा परिषद शाळेत लगेच भरले जाणार नाही, हे उघड आहे. परंतु केंद्रशाळेच्या पातळीवर एक समुपदेशक आठवड्याच्या ठरलेल्या वारी येऊ शकतो. शेतकरी आत्महत्यांच्या संदर्भात प्रेरणा प्रकल्पाने आशा कार्यकर्त्यांना घरोघरी मनाची विचारपूस करायला शिकवले. त्याच घरांत ही मुले राहतात, आणि आशाताईला त्यांची नावे पाठ असतात.

बघ्यांचे कामही मोठे आहे. फिनलंडमधील शाळांनी वापरलेली "किवा" (KiVa) ही छळविरोधी पद्धत छळणारा आणि छळला जाणारा यांच्यापेक्षा भोवतीच्या मुलांवर अधिक भर देते, कारण हसणारे नसले तर छळाला प्रेक्षक उरत नाही. आपल्या वर्गाच्या ग्रुपवर दीडशे जण असतात, टाकणारा एक असतो, आणि एकशे चाळीस जण न बोलता पाहतात. त्यांतल्या तिघांनी "हे काढ" असे लिहिले तरी चित्र बदलते. असे लिहिणाऱ्या मुलाचे कौतुक शिक्षकाने जाहीरपणे न करता एकट्याला बोलावून करावे, नाहीतर पुढच्या खेपेला तोच लक्ष्य होईल.

शिक्षणाधिकाऱ्यांकडे शेवटची विनंती आहे. समित्यांच्या अहवालात "तक्रारी: निरंक" असा शेरा आला की ती शाळा चांगली ठरते आणि ज्या शाळेने चार तक्रारी नोंदवल्या तिच्याकडे विचारणा जाते. हा क्रम उलटा करावा. दोन-तीनशे किशोरवयीन मुलांच्या शाळेत वर्षभरात एकही तक्रार येत नसेल, तर तपासणीला आधी त्या शाळेत जावे आणि तिथल्या मुलांना, शिक्षक बाहेर असताना, तुम्ही कोणाला सांगता एवढे विचारावे.